आमच्या वावरातला प्रश्न

आमच्या गुरुजींना उत्तरांची चीड होती. मास्तर असून. मी वर्गात पहिली येणारी पोरगी, सहावीचं पुस्तक उन्हाळ्याच्या सुट्टीतच पाठ करून बसलेली. कुठल्याही पानावर बोट ठेवा, घडाघडा म्हणून दाखवीन. आणि माझ्या नशिबी असा मास्तर आला की मी उत्तर सांगायला लागले की तो खिडकीबाहेर बघायचा.

आता ऐंशी उलटली, तरी त्या माणसावरचा माझा राग पुरता निवलेला नाही. त्याच्याहून जास्त राग मंजुळावरचा. पण तिच्याकडे येतेच मी, धीर धरा.

आमचं गाव आंजीच्या पलीकडे दोन कोसांवर. स्वातंत्र्य येऊन दहाएक वर्षं झाली असतील. गुरुजी समुद्रपूरकडून बदलून आले ते एक ट्रंक, एक कंदील आणि एक छत्री घेऊन. भर हिवाळ्यात छत्री. गावानं लगेच निकाल दिला की मास्तरचा एक खिळा ढिला आहे. पुढे कळलं की छत्री पावसासाठी नव्हतीच. ते ती उघडायचेसुद्धा नाहीत. अंगणात उभी रोवायचे आणि दर तासाला तिच्या सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायचे. आमचा कुत्रा ते खडे विस्कटायचा. त्यावर गुरुजींनी कुत्र्याला कधी हाड केलं नाही. कुत्रा सावलीतच काऊन बसतो आणि थंडीत उन्हात काऊन जातो, असं मला विचारलं. मी म्हटलं, त्याला आवडतं म्हणून. गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. अंगणात खिडकी नव्हती, तरी बघायला लागले.

राहायला ते आमच्याच घराच्या मागच्या खोलीत होते. आजोबांनी दिली होती खोली. गावातली निम्मी वावरं आमची, तेव्हा मास्तर आमच्याकडे राहणार हे ठरलेलंच. मला वाटलं, झालं, आता मास्तर आपल्या घरचा. आईच्या हातचं वरण जेवणार, माझ्या आजीच्या लोणच्याची फोड मागणार, आणि वर्गात माझ्याकडे बघून दुसरीलाच शाबासकी देणार असं कसं होईल? असंच झालं.

आईला त्यांनी पहिल्याच आठवड्यात बेजार केलं. ताट घ्यायला स्वयंपाकघराच्या दारात यायचे आणि तिथेच उकिडवे बसायचे. बाई, फोडणीत मोहरी काऊन उडते, जिरं काऊन उडत नाई? बाई, दूध उतू जाते, पाणी काऊन जात नाई? आई पदर सावरत म्हणायची, गुरुजी, जेवून घ्या, गार होऊन राह्यलं. मग गार काऊन होऊन राह्यलं यावर एक तास. पण गंमत अशी की महिनाभरानं आईच स्वतःशी पुटपुटायला लागली. एकदा तिनं झाकण ठेवून आणि झाकण काढून दोनदा दूध तापवलं आणि दोन्ही वेळा उतू घालवलं. आजी म्हणाली, मास्तरचं येड घरात शिरलं.

शाळेत हेडमास्तर शुद्ध बोलायचे आणि आमच्याकडूनही तशीच अपेक्षा ठेवायचे. गुरुजी मात्र वर्गातही घरच्यासारखे बोलायचे. हेडमास्तरांनी हटकलं तेव्हा गुरुजी म्हणाले, साहेब, शुद्धात विचारलं तर पोरं उभी राह्यतात. असं विचारलं तर बोलतात. मला हे अजिबात पटलं नव्हतं. मला उभं राहायला फार आवडायचं.

आता त्यांच्या शनिवारचं सांगते, कारण माझं सगळं रडगाणं त्या शनिवारातून निघालं.

गुरुजींकडे एक भिंग होतं. पितळेची मूठ, काचेच्या कडेला नखाएवढा टवका. रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेलं. शनिवारी सकाळची शाळा असायची. शेवटच्या तासाला ते भिंग टेबलावर यायचं आणि गुरुजी पुढच्या बाकापासून एकेकाला उठवायचे. प्रत्येकानं एक प्रश्न विचारायचा. नियम दोनच. एक, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे ते विचारायचं नाही. दुसरा, तो प्रश्न आपल्याला कुठं भेटला ते सांगायचं. भेटला, असंच म्हणायचे ते. जसा काही प्रश्न रस्त्यात छत्री घेऊन उभा असतो. ज्याचा प्रश्न त्यांना सगळ्यात आवडेल, त्यानं भिंग घरी न्यायचं आणि सोमवारी परत आणायचं.

मला ते भिंग हवं होतं. किती हवं होतं ते आज सांगताना हसू येतं. नागपूरहून आणलेली बाहुली, काकांनी दिलेलं फाउंटन पेन, सगळं माझ्याकडे होतं. ते भिंगही मी मनातल्या मनात माझ्या पेटीत ठेवूनच टाकलं होतं. कुठल्या कप्प्यात, तेही ठरलं होतं.

पहिल्या शनिवारी पुढच्या बाकावरून मी उठले आणि म्हटलं, पृथ्वी सूर्याभोवती काऊन फिरते?

गुरुजींनी विचारलं, "कुठं भेटला?"

"पुस्तकात. पान एकोणचाळीस."

"मंग तिथंच राहू दे त्याले. बस."

दुसऱ्या शनिवारी मी जरा उंची वाढवली. देव दिसत काऊन नाही, असं विचारलं. गुरुजी म्हणाले, हे भजनी मंडळात विचार, तिथं तबलाही आहे. सगळा वर्ग हसला. तिसऱ्या आठवड्यात मी चुलीसमोर प्रश्नाची वाट पाहत इतका वेळ बसले की परकराची कड करपली. प्रश्न आला नाही, आजी आली.

आणि मागच्या बाकावरून मंजुळा उठायची.

मंजुळा आमच्याच वावरात कामाला येणाऱ्या बाईची मुलगी. आदल्या वर्षी दसऱ्याला त्यांची सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. तेव्हापासून ती लोकं मान वर करून चालायला लागली असं आमच्याकडे म्हणायचे, आणि ते चांगल्या अर्थानं म्हणायचे नाहीत. मंजुळा मात्र मला आधीपासूनच मान वर करून चालणारी वाटायची. काळीसावळी, लांब मानेची, एका वेणीची. पाढे चुकायची. शुद्धलेखन तर देवा! आणि उठून म्हणायची, गुरुजी, म्हैस चिखलात लोळते, गाय काऊन लोळत नाई? नाल्यावर भेटला.

गुरुजी खुर्चीवरून उठायचे. माझ्यासाठी ते कधी खुर्चीवरून उठले नाहीत.

त्या म्हशीपायी सगळा वर्ग नाल्यावर गेला. भर दुपारी गुरुजींनी आम्हाला रांगेनं एकदा म्हशीच्या पाठीला आणि एकदा गाईच्या पाठीला हात लावायला सांगितलं. काळ्या पाठीचा चटका बसत होता. मग दोन लोट्यांत पाणी, एकावर काळं फडकं, एकावर पांढरं, दोन्ही उन्हात. तेवढ्यात हेडमास्तर सायकलवरून आले आणि त्यांनी विचारलं की हा विज्ञानाचा तास आहे का. गुरुजी म्हशीच्या पाठीवर हात ठेवूनच म्हणाले, विज्ञानाचाच आहे साहेब, फक्त आज मास्तर ही आहे. हेडमास्तरांनी म्हशीकडे पाहिलं, म्हशीनं हेडमास्तरांकडे. सायकल परत गेली. मला मात्र एवढंच दिसलं की मंजुळा लोट्यात बोट बुडवून हसते आहे आणि गुरुजी तिच्याकडे, माझी आई मोदक जमल्यावर मोदकाकडे बघते तसं, बघताहेत.

भिंग तिच्याकडे गेलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलं. मधे एकदा आमच्या बाकावरच्या सोनाराच्या मुलीला मिळालं, पण ती मला बोचली नाही. मंजुळाच बोचली. मी रात्री आईला म्हणायची की गुरुजी आपलं अन्न खातात आणि तिची बाजू घेतात. आई म्हणायची, मग तूही विचार काही. विचार काही! जसं काही ते शेंगदाण्यासारखं डब्यात भरून ठेवलेलं असतं.

पण मंजुळाच्या डब्यात होतंच ना भरलेलं.

कापूस वेचणीचे दिवस होते. संध्याकाळी बाया गाठोडी डोक्यावर घेऊन आमच्या अंगणात यायच्या. एका शुक्रवारी मी दाराआड उभी होते. उगाच नव्हते उभी, कान लावूनच होते, आता कशाला लपवू. मंजुळा गाठोडं उतरवून तिच्या मायला म्हणाली, "माय, सकाळी वेचलं तर बोंडं टोचत नाई, दुपारी टोचते. काऊन वं?"

तिची माय म्हणाली, "मले काय ठाव? तुह्या गुरुजीले विचारजो उद्या."

मला झोप आली नाही. आनंदानंच आली नाही. कारण मला एकदम कळलं होतं की मी पुढच्या बाकावर बसते आणि मंजुळा मागच्या. गुरुजी पुढून सुरुवात करतात.

आणि हे चोरणं आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही, बरं का. मी नीट हिशोब मांडला होता. वावर कुणाचं? आमचं. कापूस कुणाचा? आमचा. मग त्या कापसात उगवलेला प्रश्न कुणाचा? माझ्या आजोबांनाही एवढा सरळ युक्तिवाद सुचला नसता, आणि ते कोर्टात बऱ्याचदा जायचे.

शनिवारी मी उठले. इतकी ताठ उठले की वेणी मागच्या बाकावर लागली. कापूस सकाळी वेचला तर बोंडं टोचत नाहीत, दुपारी टोचतात, ते काऊन?

गुरुजी खुर्चीवरून उठले. माझ्यासाठी. मी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि मला रडू येईल असं वाटलं.

"कुठं भेटला?"

"आमच्या वावरात." खोटं नव्हतंच मुळी.

"कवा?"

"इतवारी."

गुरुजी माझ्या बाकापाशी आले. म्हणाले, "हात दाखव."

मी दाखवले. तळहातावर संक्रांतीच्या मेंदीचा फिकट डाग होता आणि उजव्या बोटाला शाई. नखं आजीनं काढून दिलेली, अर्धचंद्रासारखी. गुरुजींनी ते हात बराच वेळ पाहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर मी घरी जाऊन सांगितलं असतं. त्यांनी हात सोडले आणि पुढच्या मुलीला उठवलं. असं करत करत रांग मंजुळापर्यंत गेली. मी मागे वळून पाहिलं नाही, पण माझे कान नक्की वळले असणार.

मंजुळा म्हणाली, "माह्याजवळ आज नाई, गुरुजी."

एवढंच. तिनं माझं नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं.

तास संपताना गुरुजींनी भिंग रुमालात गुंडाळलं आणि माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "घेऊन जा. उद्या वावरात जाजो. प्रश्न चांगला हाय, तुही त्याची भेट झाली नाई अजून."

मी म्हटलं ना, रागावले असते तर बरं.

रविवारी पहाटे मी वावरात गेले. आजीला सांगितलं, शाळेचा अभ्यास आहे. तिनं बजावलं, त्या लोकांच्या मडक्यातलं पाणी पिऊ नको. ती धुरकट थंडी, पायाखाली दवानं भिजलेली माती, आणि मी बुटात. मंजुळाच्या मायनं मला पाहून डोक्यावरचा पदर ओढला आणि म्हणाली, बाई, तुमी कायले आल्या? मंजुळा म्हणाली, गुरुजीनं धाडली. मग मायनं माझ्या कमरेला फडक्याची झोळी बांधली आणि बोंडात पाची बोटं कशी घालायची, कापूस एका ओढीत कसा काढायचा आणि वाळकं पान त्याला कसं चिकटू द्यायचं नाही, ते दाखवलं. सकाळी खरंच टोचत नव्हतं. मी भिंगातून पाहिलं. बोंडाची वाळकी टोकं दवानं ओली होऊन चामड्यासारखी नरम पडली होती. दहा वाजता ऊन चढलं आणि तीच टोकं सुईसारखी ताठ झाली. वाळकं पान हात लागताच पापडासारखं चुरायचं आणि कापसात शिरायचं. म्हणून बाया पहाटे येतात. हे इतकं उघड होतं की मला मंजुळाचा पुन्हा हेवा वाटला. तिला हे समोर दिसत होतं, तरी ती ‘काऊन?’ असं विचारायला थांबली. मी असते तर माहीत आहे म्हणून पुढे गेले असते.

दुपारपर्यंत माझी बोटं ओरबाडून निघाली. झोळीत मात्र उशीला पुरेल एवढासुद्धा कापूस नव्हता. बांधावर बसून मी त्यांच्या मडक्यातलं पाणी प्याले, भाकर आणि ठेचाही खाल्ला. मग नखाच्या बाजूला मोडलेलं कुसळ काढायला मंजुळानं भिंग धरलं. माझ्या बोटावरच्या रेषा काय सुंदर दिसत होत्या! पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा, एकात एक. मंजुळाच्या बोटावरही होत्या, मधूनमधून चिरा पडलेल्या. मग मी तिच्या मायचा हात ओढून घेतला.

तिथे काही नव्हतं. अंगठ्यावर रेषाच नव्हत्या. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.

माय हसायला लागली. म्हणाली, "तलाठी बी असाच पाहे. मागं तीन डाव शाई लावली, अंगठा उठेच नाई. म्हणे बाई, हा अंगठा हाय का गोटा?" आणि ती पुन्हा वेचायला उठली.

आता खरं सांगते. एखाद्या चांगल्या पोरीला तेव्हा वाईट वाटलं असतं. मला झाला आनंद. मला प्रश्न भेटला होता! अस्सल, माझा, माझ्या हातानं धरलेला. तो सगळा आठवडा मी तो जपला. सोमवारी गुरुजींनी वाळकी बोंडं आणवून अर्धी ओल्या फडक्यात आणि अर्धी उन्हात ठेवली, सगळ्यांना बोटं लावून बघायला लावली, मंजुळाला काही विचारलं, मला काही विचारलं. माझं त्यात लक्षच नव्हतं. मी शनिवारची वाट बघत होते.

शनिवारी मी उठले. काही माणसांच्या बोटावरच्या रेषा पुसून जातात, ते काऊन?

"कुठं भेटला?"

"आमच्या वावरात. मंजुळाच्या मायच्या हातावर."

वर्गातल्या माना मागे वळल्या. तेव्हा कुठे मला जाणवलं की मंजुळा मागे बसली आहे. ती आहे हे मला अर्थातच माहीत होतं. पण ती ऐकते आहे हे तेव्हा जाणवलं.

गुरुजींनी वर पाहिलं. "मंजुळा, तुले हे ठाव होतं?"

"हो."

"मंग तू कधी विचारलं काऊन नाई?"

मंजुळा उठली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाली, "मले उत्तर ठाव हाय, गुरुजी."

गुरुजी टेबलाशी गेले. त्या दिवशी त्यांनी कुणालाच काही समजावून सांगितलं नाही. कापूस घासतो, खुरपं घासतं, राखेनं भांडी घासताना राख घासते, हे सगळं ते पुढच्या आठवड्यात बोलले. तेव्हा त्यांनी फक्त भिंग उचललं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "घे. प्रश्न तुहा हाय. ज्याले ठाव नाई, त्यानंच विचारा लागते."

गुरुजी दीड वर्षानं बदलून गेले, नाचणगावकडे. जाताना आईला विचारून गेले की लोणच्यावर तेलाचा थर काऊन ठेवता. मंजुळा पुढे शिकली, नर्स झाली. तिचं लग्नाचं पत्र मला आलं होतं. त्यात चार शुद्धलेखनाच्या चुका होत्या आणि मी त्या मोजल्या होत्या. तोवर मी दोन मुलांची आई झाले होते, पण मोजल्या.

त्या शनिवारी मात्र मी भिंग घेऊन पळतच घरी आले. मला आनंद व्हायला हवा होता, तो झालाच नाही. तिच्याकडे विचारलेले प्रश्न होते तेवढ्यांचाच मी आजवर हेवा केला होता. न विचारलेलेही तिच्याकडे होते, हे मला माहीतच नव्हतं. मग मला वाटलं, आपल्याही घरात असेल की कुणीतरी. का नसेल? एवढं मोठं घर, एवढी माणसं. एक तरी अंगठा मला असा मिळाला पाहिजे.

आधी आईला धरलं. तिची बोटं हळदीनं पिवळी होती, पण रेषा एकूणएक होत्या. मग दोन्ही काकूंना, मग काकांना. आजीनं तर कौतुकानं दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, मोज, सात शंख आहेत मला. ओसरीवर गडी बैल सोडत होता, त्याच्याकडे मी गेले नाही. मला घरातलाच हवा होता. शेवटी आजोबा उरले. आजोबा पानाचा डबा बाजूला ठेवून हसले, त्यांनी हात माझ्यासमोर पसरला आणि मी टवका उडालेलं भिंग त्यांच्या अंगठ्यावर धरलं. चक्र होतं. मधोमध, गोल, कुठेही न तुटलेलं. मी दहाही बोटं पाहिली. गावातली निम्मी वावरं त्या हातात होती, आणि एक रेष पुसट नव्हती.